ब्रायर बेटामागचा डोह

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत रात्र नाही.

बाराचे ठोके नाहीत, विझणारा दिवा नाही, रिकामा रस्ता नाही. हे घडलं भर दुपारी. मार्च महिन्यातला दुसरा शनिवार होता आणि जागा होती सस्क्वेहाना नदी. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. मला कुणाला पटवायचं नाहीये.

डेल्मर क्रायडरनं हे मला त्याच्या गॅरेजमध्ये बसून सांगितलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाचं तिसऱ्या खेपेला काहीतरी निसटतंच. डेल्मरचं काही निसटलं नाही.

आणि शेवटचं जे आहे, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

डेल्मर तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. सगळी उमर विजेच्या खांबांवर चढण्यात गेली, आता निवृत्त. त्याची बायको नोरीन. आणि नोरीनचा धाकटा भाऊ हार्लन, वय चोपन्न, शाळेची बस चालवायचा. लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली म्हणून त्याला नोरीननंच वाढवलं होतं. त्याला आंघोळ घालण्यापासून ते पहिली दाढी करायला शिकवण्यापर्यंत सगळं तिनं केलं.

हे मेव्हणे-मेव्हणे तीस वर्षं एकत्र मासे धरायला जायचे आणि तीस वर्षं एकमेकांची टर उडवायचे. तसं त्यांचं प्रेम होतं. पण डेल्मरच्या थट्टेला जरा धार असायची. समोरच्याला लागलं तरच त्याला मजा यायची. हे त्यानं स्वतःच मला सांगितलं.

आता त्या डोहाबद्दल.

ब्रायर बेटाच्या खालच्या अंगाला नदी एकदम खोल होते. पाणी तिथं गोल फिरतं आणि संथ पडतं. थंडी संपत आली की आमच्याकडचा स्मॉलमाउथ बास तिथं तळाशी येऊन थांबतो. कांस्याच्या रंगाचा, लाल डोळ्यांचा, उन्हाळ्यात गळाची काठी मोडेल असा झुंजणारा मासा. पण मार्चच्या पाण्यात तो गोठल्यासारखा पडून असतो. आमिष त्याच्या तोंडापुढं अगदी मुंगीच्या चालीनं सरकवावं लागतं. तो ओढत नाही. दोरा नुसता जड होतो... ओलं पान अडकल्यासारखा. ज्याला ते कळलं, त्याला मासा मिळाला.

त्या डोहावर आवाज येतो.

पूर्वी तिथं परगावचा एक माणूस बोट उलटून बुडाला होता. खडकाला धरून तासभर ओरडत होता म्हणतात. काठावरच्यांना वाटलं, बदकं आहेत. त्यानंतर थंडीच्या दिवसांत तिथं कुणीतरी हाक मारतं. नावानं. "मी इथंय," एवढंच म्हणतं. ल्यूथर गिश म्हणून आमच्यातलाच एक होता, तो एकदा त्या हाकेला गेला. बोट सापडली, इंजिन चालू होतं. ल्यूथर सापडला नाही.

तेव्हापासून त्या पाण्यावर जाणाऱ्यांनी आपसात ठरवून टाकलं. हाक आली तर जायचं नाही. ओ द्यायची नाही. खरंच कुणी संकटात असेल तर तो शिट्टी वाजवेल. तीनदा. त्या आवाजाला शिट्टी वाजवता येत नाही.

असं आम्ही समजत होतो.

त्या शनिवारी सकाळपासून आभाळ शिशासारखं होतं. पाण्याचं तापमान पाच अंश. मधूनच बर्फाची भुरभुर यायची, दहा मिनिटं समोरचं काही दिसायचं नाही, मग थांबायची. काठीवरच्या, दोरा ओवायच्या कड्यांमध्ये बर्फ धरत होता. दर थोड्या वेळानं काठी पाण्यात बुडवून तो विरघळवावा लागे.

हार्लन मजेत होता. सकाळपासून त्याला चार मासे लागले होते. डेल्मरला एकही नाही.

"डेल, बोटं गोठलीयत का तुझी? की मासे तुला ओळखतात?"

"गप बस आणि दोरा बघ."

"बघतोय ना. पाचवा आला बघ." हार्लननं मासा वर घेतला, त्याच्या ओठातून आकडा काढला आणि पाण्यात सोडून दिला. वसंतात आमच्याकडं हा मासा ठेवायची मुभा नाही. धरायचा आणि सोडायचा. "जा रे राजा. आमच्या डेलकडं जा जरा. म्हाताऱ्याला बरं वाटेल."

आणि त्यानं जॅकेटला बांधलेली शिट्टी तोंडात धरून जोरात वाजवली. दर माशाला तो एकदा वाजवत होता. विजयाची तुतारी म्हणे.

पाचव्या वेळी डेल्मरचं डोकं फिरलं.

त्यानं हात लांब करून शिट्टी धरली आणि हिसका दिला. दोरी तुटली. "पुरे झाला पोरकटपणा. सगळे मासे पळवलेस." शिट्टी त्यानं स्वतःच्या कोटाच्या खिशात कोंबली.

"अरे, दे की."

"संध्याकाळी नोरीनकडं देतो. तिला सांग मागून घ्यायला. नाहीतरी सगळं तिच्याकडंच मागतोस तू."

हार्लन हसला नाही. त्यानं दोरा गुंडाळून घेतला. मग म्हणाला, "मला बेटावर उतरव. मी वरच्या टोकाला पाण्यात उभा राहून गळ टाकतो. तू बस इथं तुझ्या शांततेत."

"हे बरं सुचलं. पाऊण तास तरी कानाला आराम."

डेल्मरनं त्याला बेटाच्या वरच्या टोकाला दगडगोट्यांवर उतरवलं. हार्लननं छातीपर्यंतची रबरी विजार घातलेली होती, वर लाइफ जॅकेट. हातात काठी, बगलेत कॉफीचा थर्मास. तो निघाला तेव्हा डेल्मर मागून ओरडला, "बुडू नकोस रे. तुझी बहीण माझा जीव घेईल!"

तो खाली डोहावर आला. नांगर टाकला. मधे बेट, बेटावर पांढऱ्या सालींची उंच झाडं. वरचं टोक इथून दिसत नव्हतं. इंजिन चालू करून गेलं तर दोन मिनिटांचा रस्ता.

दोन मिनिटांचा.

पंधरा-वीस मिनिटं छान गेली. मग पुन्हा बर्फ सुरू झाला. आधी पलीकडचा काठ दिसेनासा झाला, मग बेट. डेल्मरला फक्त बोटीचं नाक आणि भोवतीचं काळं पाणी दिसत होतं.

बेटाच्या काठाला रानबदकांचा थवा होता, तो सकाळपासून कलकलत होता.

तो गप्प झाला...

उडाला नाही. उडाला असता तर पंख वाजले असते. नुसता गप्प झाला.

आणि डेल्मरचा दोरा जड झाला.

ओल्या पानासारखा. सकाळपासून तो ज्याची वाट बघत होता, तोच भार. त्यानं काठी उचलली. पण मासा हलला नाही. तळाशी काहीतरी दोरा धरून नुसतं थांबलं होतं. ओढत नव्हतं, सोडतही नव्हतं.

तेवढ्यात हाक आली.

"डेल!"

बेटाच्या बाजूनं. आवाज हार्लनचा.

डेल्मर हलला नाही.

"डेल! पाय अडकलाय! दगडात अडकलाय रे पाय!"

डेल्मरनं मला सांगितलं, त्याचा एक हात इंजिनाच्या दोरीवर गेला होता. पण त्याला ल्यूथर गिश आठवला. ल्यूथरलाही ओळखीच्याच आवाजात हाक आली असेल ना? त्यानं कान टवकारले. शिट्टीची वाट बघू लागला. हार्लन खरंच अडचणीत असला तर तो शिट्टी वाजवणार. तीनदा. तसंच ठरलेलं होतं.

शिट्टी त्याच्या स्वतःच्या खिशात होती. पण माणसाचं डोकं भीतीनं बधिर झालं की त्याला स्वतःचं नावही आठवत नाही.

"डेल, मस्करी नाही रे! पाणी आत शिरतंय!"

शिट्टी नाही.

"डेल!"

शिट्टी नाही.

शेवटी त्याला राहवलं नाही. ओ द्यायची नाही हा नियम त्यानं मोडला. दोन्ही हातांचा कर्णा करून तो ओरडला, "हार्लन असशील तर शिट्टी वाजव!"

क्षणभर काहीच नाही.

मग वाऱ्यातून तुटक तुटक आलं... "तुझ्या... तुझ्याक..."

पुढचं बर्फानं गिळलं.

डेल्मर खाली बसला. त्याला वाटलं, बघ, बोलताना अडखळतोय. माणूस असता तर शिट्टी वाजवली असती. हा तोच आहे. आपण फसणार नाही.

हाका चालूच राहिल्या. आधी ओरडणं होतं, मग विनवणी. मग नुसतं नाव. डेल. डेल. डेल. त्यानं टोपी कानांवर ओढली. घड्याळाकडं बघत राहिला. दोन वाजून सोळा मिनिटांनी पहिली हाक आली होती. दोन छत्तीस झाले. वीस मिनिटं त्यानं ते ऐकलं. नांगर टाकून. हातमोजे घालून. बसून.

काठावरून मालगाडी आली. लांबच लांब, दीडशे डबे तरी असतील. तिच्या धडधडाटात बाकी काही ऐकू येईना. डेल्मर मला म्हणाला, "त्या गाडीचे मी आभार मानले, क्लेटन. देवाचे मानावेत तसे."

गाडी गेली तेव्हा हाका थांबल्या होत्या.

दोराही हलका झाला होता.

आणि तेव्हा, बेटाच्या वरच्या टोकाकडून, स्वच्छ... एकदा... दोनदा... तीनदा...

शिट्टी वाजली.

डेल्मर हसला. चक्क मोठ्यानं हसला. तो हार्लन होता तर! मासा मिळाला असणार, माज दाखवतोय. त्यानं नांगर ओढला, इंजिन चालू केलं आणि दोन मिनिटांत वरच्या टोकाला पोचला. मनात शिव्यासुद्धा तयार होत्या.

गोट्यांवर कुणी नव्हतं.

काठी आडवी पडली होती. थर्मास होता. त्याच्या झाकणात ओतलेली कॉफी तशीच होती आणि तिच्यावर पडलेला बर्फ विरघळत नव्हता.

"हार्लन?"

पाणी नुसतं वाहत होतं. तपकिरी, गढूळ.

"हार्लन, पुरे आता. बाहेर ये."

त्याचे हात गारठले होते. त्यानं खिशात घातले. उजव्या हाताला काहीतरी लागलं. त्यानं ते बाहेर काढलं.

तळहातावर शिट्टी होती. तुटलेल्या दोरीसकट.

तो तिच्याकडं बघत उभा राहिला. मग त्याला वाऱ्यातलं ते तुटलेलं वाक्य पूर्ण ऐकू आलं.

*तुझ्याकडं आहे.*

मागून, खालून, जिथं तो आत्तापर्यंत नांगर टाकून बसला होता त्या रिकाम्या डोहाकडून कुणीतरी म्हणालं, "डेल... मी इथंय."

शांतपणे. सावकाश. मुळीच घाई नसलेला आवाज.

डेल्मर म्हणतो, त्या क्षणी त्याला फरक कळला. हा आवाज असा असतो. ह्याला काही नको असतं. आणि आधी जो ओरडत होता, त्याला जगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचे पाणबुडे आले. हार्लनला फार शोधावं लागलं नाही. डेल्मर जिथं शिट्टी हातात धरून उभा होता, तिथून तो बारा फुटांवर होता. पाण्याखाली. पाय दोन खडकांच्या फटीत घोट्यापर्यंत रुतलेला. जॅकेट अंगावर होतं, पण पाय अडकलेला आणि पाठीवर प्रवाहाचा रेटा, जॅकेट काय करणार. प्रवाहानं त्याला पुढं वाकवून तसंच दाबून धरलं होतं.

डॉक्टरनं डेल्मरची समजूत घालायला म्हणून सांगितलं, "फार हाल झाले नाहीत. इतकं गार पाणी, त्यात विजार भरलेली. पाच मिनिटं. फार तर सहा. त्यानंतर त्याला तोंडातून शब्दही काढता आला नसता."

पाच. फार तर सहा.

डेल्मरनं घड्याळ लावून वीस ऐकली होती.

म्हणजे त्यातली काही मिनिटं हार्लनची होती आणि उरलेली हार्लनची नव्हती. एकाचं कुठं संपलं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू झालं, हे त्याला आजही सांगता येत नाही. विनवणी कुणी केली? नुसतं नाव कोण घेत होतं? हार्लन मेल्यानंतर त्याच्या आवाजात कोण एवढा वेळ रडत होतं... आणि कशासाठी?

बायकोला त्यानं काहीच सांगितलं नाही. "मी खाली होतो. काही ऐकू आलं नाही. बर्फ होता." एवढंच.

दफन झालं. त्यानंतरचा रविवार. चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेली मांसाची वडी आणि बटाट्याचं भरीत फ्रिजमध्ये तसंच पडलेलं. दुपारचे तीन वाजले असतील. नोरीन धुवायला काढलेले कपडे चाचपत होती. डेल्मरच्या कोटाच्या खिशातून तिनं शिट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही त्याची आहे."

"हो."

"मी दिली होती त्याला. नाताळात. ही तुझ्याकडं कशी?"

डेल्मरनं तोंड उघडलं आणि त्याला खोटं सुचलंच नाही. त्यानं सगळं सांगितलं. दोरी तोडली ते. संध्याकाळी बहिणीकडून मागून घे म्हणाला ते. हाका, विनवणी, मालगाडी. सगळं.

नोरीन रडली नाही. ओरडली नाही. तिनं विचारलं, "किती वेळ?"

"वीस मिनिटं."

ती उठली. कपाटावर कोंबडीच्या आकाराचं टायमर होतं, पाव भाजताना लावायचं. तिनं ते वीसवर पिळलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. स्वतः पलीकडच्या खुर्चीवर बसली.

"बस," ती म्हणाली.

"नोरीन..."

"बोलू नकोस. तिथं बोललास का? नुसता बस. मला बघू दे, वीस मिनिटं केवढी असतात."

टायमर टिकटिकत होतं. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता. डेल्मरला वाटलं, पाच मिनिटं झाली असतील. बघितलं तर दोन झाली होती.

सातव्या मिनिटाला त्याला घाम फुटला. दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "माझी चूक झाली." ती म्हणाली, "अजून दहा आहेत."

एकोणिसाव्या मिनिटाला...

मागच्या दाराबाहेरून कुणीतरी म्हणालं, "डेल."

दोघांनीही ऐकलं. क्रायडरांचं घर नदीपासून पाऊण मैल दूर आहे. मागं नुसतं अंगण, त्यापलीकडं मक्याचं उजाड शेत. बाहेर लख्ख ऊन होतं.

"डेल, पाय अडकलाय रे."

नोरीन उभी राहिली. तिचा चेहरा, डेल्मर म्हणतो, एकदम लहान मुलीसारखा झाला.

"उघडू नकोस," तो म्हणाला. "तो हार्लन नाही."

"तुला कसं कळलं?"

तिथंही असंच वाटलं होतं त्याला.

"नोरी," बाहेरून आलं. लहानपणी हार्लन तिला असंच म्हणायचा. "नोरी, गार वाजतंय."

डेल्मर खुर्चीतून अर्धा उठला. तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तू बस. तुला बसता येतं."

तिनं दार उघडलं.

डेल्मरला बाहेर काही दिसलं नाही. पायरी, अंगण, ऊन. पण नोरीन उंबऱ्यावर थांबली, वाकली, जमिनीला खिळलेल्या माणसासाठी वाकावं तशी. आणि पायरीच्या खाली हात घालून म्हणाली, "आले रे बाळा. आले."

मागं टायमर वाजलं.

हे झालं डेल्मरनं सांगितलेलं. त्यानंतर त्या घरात येणंजाणं कमी झालं. पाद्री एकदा येऊन गेला, पुन्हा आला नाही. नोरीन बाजारात दिसायची, बोलायची, हसायचीसुद्धा. फक्त दुपारी तिला घाई असायची. दोन वाजायच्या आत घरी पोचायचं असायचं.

गेल्या मार्चमध्ये मी त्यांची शिडी परत द्यायला गेलो. पुढचं दार कुणी उघडेना म्हणून वळसा घालून मागं गेलो.

नोरीन मागच्या पायरीवर बसली होती. उजवा हात पायरीखाली सोडलेला, ताणलेला. बोटं मिटलेली. आपण कुणाचा हात घट्ट धरतो तशी.

"क्लेटन," ती म्हणाली. "बरं झालं आलास."

मी शिडी भिंतीला लावली. म्हणालो, "थंडी आहे. आत बसायचं ना."

"आत कसं बसू?"

माझं लक्ष तिच्या स्वेटरकडं गेलं. डाव्या हाताची बाही नीट मनगटापर्यंत होती. उजव्या हाताची मनगटाच्या बरीच वर संपत होती. चार-पाच बोटं तरी. मला आधी वाटलं, बाही आटलीय.

बाही आटलेली नव्हती.

"जरा धरतोस का?" ती म्हणाली. "ओव्हनमध्ये केक ठेवलाय, सफरचंदाचा. करपेल. दोनच मिनिटं लागतील मला. डेलला सांगते, तर तो येत नाही."

मी खिडकीतून आत पाहिलं. डेल्मर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. भिंतीकडं तोंड करून. हात मांडीवर. आतून करपल्याचा वास येत होता. तो उठत नव्हता.

"क्लेटन?"

"मला जरा घाई आहे, नोरीन," मी म्हणालो. माझे हात खिशात होते. मी ते बाहेर काढले नाहीत.

तिनं राग केला नाही. नुसती मान हलवली.

मी भराभर चालत अंगणाच्या टोकाला आलो. मागून तिचा आवाज आला. माझ्याशी नाही, खाली, पायरीशी बोलल्यासारखा.

"जाऊ दे रे. हाही तसलाच."

आणि ज्याला ती हे सांगत होती, तो हसला.

हार्लन माझ्या मुलांची बस चालवायचा. रोज सकाळी माझ्या फाटकापुढं थांबून काहीतरी टवाळी करायचा आणि स्वतःच हसायचा. त्याचं हसणं मी झोपेतही ओळखेन.

ते हार्लनचं नव्हतं.

ते सावकाश होतं. त्याला मुळीच घाई नव्हती.

परवा नोरीन मला दुकानात भेटली. खायचा सोडा विकत घेत होती. आनंदात होती. म्हणाली, "आता तो गार वाजतंय म्हणत नाही, क्लेटन. आता तो फक्त म्हणतो, थोडं खाली ये."

तिला कुणीतरी सांगायला हवं.

मी अजून सांगितलेलं नाही.